राजीनाम्याची हॅट

मित्रांनो, मी एके काळची उंच, काळी, रेशमी हॅट आहे. 'एके काळची' अशासाठी म्हणते, की आज माझ्याकडे पाहून मला कुणी उंच म्हणणार नाही, काळी तर मुळीच नाही, आणि रेशमाचे काय झाले ते मी पुढे सांगणारच आहे. पण मी कुणा सोम्यागोम्याच्या डोक्यावरची हॅट नव्हते. माल्टा बेटावर इंग्रजांचे राज्य होते, तेव्हा तिथल्या कौन्सिलातल्या एका सन्माननीय सभासदाची मी हॅट होते. त्या सभासदाने जितके राजीनामे दिले, तितक्या वेळा तुमच्यापैकी काहींनी गृहपाठही दिला नसेल. आणि त्यातला एकेक राजीनामा माझ्या मदतीने पुरा झाला.

माझा जन्म राजधानीतल्या एका अरुंद, उताराच्या गल्लीत झाला. मला घडवणारा कारागीर म्हातारा होता आणि माणसांपेक्षा हॅटींशीच जास्त बोलायचा. त्याने मला लाकडी साच्यावर चढवले, वाफ दिली, इस्त्री फिरवली, मऊ कापडाच्या गोळ्याने एकाच दिशेने घासघासून चमकवले आणि म्हणाला, "तू न्यायाधीशाच्या डोक्यावर जाणार, बघच तू." मी ते खरे मानले. दुकानाच्या काचेआड बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी न्याहाळू लागले. एकदा खरोखरच एक न्यायाधीश आला, पण त्याचे डोके माझ्यात मावेना. तो रागावून गेला आणि मी महिनाभर रुसून बसले.

मग आला बास्त्यान देबोनो. ताल-हारूब गावचा औषधवाला. चण लहान, डोके लहान, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. सोबत त्याची थोरली बहीण फिलुमेना होती. दोघांनी लग्ने केलेली नव्हती. दुकान तो सांभाळायचा आणि त्याला ती सांभाळायची. त्याने मला डोक्यावर घातले मात्र, मी थेट कानांवरून घसरून नाकावर जाऊन बसले.

"दिसतंय का काही?" फिलुमेनाने विचारले.

"थोडंसं. पायाखालचं."

"पुरे की. कौन्सिलात बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेवढंही दिसत नाही."

कारागिराने आत चामड्याची एक जाड पट्टी शिवली आणि मी एकदाची त्या डोक्यावर टेकले. न्यायाधीशाचे स्वप्न मी तिथेच सोडले.

आता औषधवाला कौन्सिलात कसा गेला, तेही ऐका. ताल-हारूबमध्ये नार्दू नावाचा दारूवाला होता. गावच्या वाजंत्री मंडळाचा तो प्रमुख, आणि मंडळातला सर्वांत मोठा ढोल तो स्वतः वाजवायचा. शेजारच्या गावचा माणूस कौन्सिलात बसतो आणि आपल्या गावचा बसत नाही, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. गावात मत देण्याचा हक्क असलेले लोक मोजकेच होते आणि ते सगळे नार्दूच्या दुकानात बसायचे. काळा कोट असलेला आणि चार बुके वाचलेला माणूस म्हणजे बास्त्यान. एका रविवारी तिसऱ्या पेल्यानंतर नार्दूने त्याचे नाव पुकारले आणि निवडणूक जेवणाच्या आत उरकली.

कौन्सिलच्या दालनात घोड्याच्या नालेसारखे एक लांब टेबल होते. वरच्या टोकाला गव्हर्नर, एका बाजूला सरकारी सभासद, दुसऱ्या बाजूला लोकांनी निवडून दिलेले. सरकारी दहा आणि आमचे आठ, त्यामुळे काहीही झाले तरी सरकारचेच खरे व्हायचे. तिथला एक रिवाज मला फार आवडायचा. सभासदाने आत बसताना हॅट काढून मांडीवर ठेवायची. आतच ती डोक्यावर चढवली, की समजायचे, हा माणूस निघाला.

पहिल्याच बैठकीत मुख्य सचिव पेंबर्टनसाहेबांनी एक फर्मान वाचले. यापुढे रस्त्यांची नावे इंग्रजीत. आमच्या बाजूचे पुढारी होते वकील फोर्तुनातो. उंच, पांढऱ्या दाढीचे, आणि आवाज असा की खिडक्यांची तावदाने हलावीत. त्यांनी तासभर भाषण केले. दहा हात वर गेले, फर्मान मंजूर. फोर्तुनातोंनी हॅट डोक्यावर चढवली आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे एकेक करून सगळ्यांनी हॅटी चढवल्या. बास्त्याननेही मला चढवले आणि तो रांगेत निघाला.

बाहेर पायऱ्यांवर येऊन त्याने फोर्तुनातोंना अदबीने विचारले, "वकीलसाहेब, जेवायची सोय कुठे आहे?"

"जेवायची?" फोर्तुनातो म्हणाले. "अहो देबोनो, आपण राजीनामा दिला!"

बास्त्यानचे तोंड एवढेसे झाले. निवडून येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. गावाला काय तोंड दाखवायचे, या काळजीत तो घोडागाडीत बसला आणि वाटभर मला मांडीवर गरगर फिरवत राहिला. पण गावाच्या वेशीवर हारूबच्या मोठ्या झाडाखाली बघतो तर काय, सगळे वाजंत्री मंडळ हजर! बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. नार्दूने ढोलावर असा टोला हाणला की घोडा बुजला. "व्हिवा देबोनो! इंग्रजाच्या तोंडावर राजीनामा फेकून आला!" लोकांनी त्याला खांद्यावर घेतले, बायकांनी गच्च्यांवरून फुले टाकली, चर्चच्या मागे आपटबार उडाले. मी त्या गर्दीत सगळ्यांत उंच होते. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडले. बास्त्यानलाही आवडले. ज्या माणसाला लोक फक्त पोट बिघडल्यावर हाक मारायचे, त्याच्यासाठी ढोल वाजत होता.

मग पुन्हा निवडणूक झाली. उभा राहायला दुसरे कुणी नव्हतेच. बास्त्यान पुन्हा निवडून आला, पुन्हा कौन्सिलात गेला, पुन्हा काहीतरी अपमानकारक फर्मान आले, पुन्हा मी डोक्यावर आणि पुन्हा ढोल. हळूहळू गावाने याचा सणच करून टाकला. राजीनाम्याच्या दिवशी घरोघरी सशाचे कालवण शिजू लागले. एकदा फोर्तुनातो आजारी पडले आणि बैठक पुढे गेली, तर नार्दू भेटायला आला आणि काळजीने म्हणाला, "सिन्योर, यंदा राजीनामा वेळेवर होईल ना? पोरांनी नवी चाल बसवलीय."

फोर्तुनातोंचे चुकत होते असे मी म्हणत नाही. अपमान खरेच होते. आपल्या घरात आपल्याला न विचारता कुणी फर्निचर हलवले तर कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. पण गावाचे एक दुखणे होते आणि त्यावर या राजीनाम्यांचा काडीचा उपयोग होत नव्हता. ते दुखणे म्हणजे पाणी.

ताल-हारूबला नदी नाही, ओढा नाही. घराघराखाली दगडात खोदलेली टाकी आहेत, हिवाळ्यात गच्चीवरचा पाऊस त्यांत उतरतो. उन्हाळा अर्धा सरला, की बादली तळाला खडखडते आणि पाण्याला चिखलाचा वास लागतो. मग बायका घागरी घेऊन दरीतल्या झऱ्यावर जातात. झरा खाली, गाव वर, मधे दगडी पायऱ्या, आणि ऊन असे की पालीसुद्धा कपारीतून बाहेर येत नाहीत. वर चीड आणणारी गोष्ट म्हणजे शहराला जाणारी मोठी नळवाट गावाला लागूनच, निवडुंगाच्या कुंपणापलीकडून गेलेली. जमिनीला कान लावला तर पाणी ऐकू यायचे. चौकात एक सार्वजनिक नळ बसवायला फार खटपट नव्हती. फक्त कौन्सिलात गावच्या सभासदाने स्वतः उभे राहून मागणी करायची, कुणीतरी अनुमोदन द्यायचे, आणि ठराव व्हायचा. सभासद गैरहजर असला तर मागणी पुढच्या वर्षावर.

दर वर्षी बास्त्यान ती मागणी घेऊन जायचा आणि दर वर्षी फिलुमेना दारातच विचारायची.

"नळाचं काय झालं?"

"ते शेवटी होतं. गावांच्या मागण्या शेवटी असतात."

"आणि तू?"

"मी सुरुवातीलाच बाहेर पडलो. राजीनामा दिला ना."

"छान. आता घागरीत राजीनामाच भरून ठेवते."

एका जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, नार्दूची आई झऱ्याच्या पायऱ्यांवरून पडली. जूझा तिचे नाव. गावातली सर्वांत म्हातारी नसली तरी सर्वांत हट्टी बाई. मुलाने आणलेले पाणी तिला चालायचे नाही, आणि खरे सांगायचे तर मुलगा ढोलाच्या तालमीत असल्यामुळे आणायचाही नाही. बास्त्याननेच तिचा हात लाकडी पट्ट्या लावून बांधला. ती ओरडली नाही. तिने एवढेच विचारले, "घागर फुटली का?" फुटली होती. ते ऐकून मात्र ती रडली. बास्त्यान घरी आला तेव्हा त्याने मला खुंटीवर अडकवले नाही, हातात धरून तसाच स्वयंपाकघरात बसला.

फिलुमेना शेंगा सोलत होती. सोलता सोलताच ती म्हणाली, "मला एक सांग. अपमान दर वर्षी पहिला असतो?"

"हो."

"आणि नळ दर वर्षी शेवटी?"

"हो. का?"

"हे कोण ठरवतं?"

"पेंबर्टनसाहेब. कामकाज तेच मांडतात."

"मग तुम्ही आठ जण मोठे शूर, आणि तो एकटा हुशार," ती म्हणाली. "सकाळी तुम्हाला एक चिमटा काढतो. तुम्ही हॅटी घालून चालू लागता. मग दिवसभर कुणी काही मागायला नाही. बास्त्यान, अरे, तो तुमच्या अभिमानावर पाणी वाचवतोय!"

बास्त्यानच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे मी बसून राहू? सगळे उठल्यावर एकटा? गद्दार म्हणतील मला."

"म्हणतील."

"नार्दू ढोल वाजवणार नाही."

"ते तर फारच वाईट," फिलुमेना म्हणाली आणि तिने शेंगांचे टोपले त्याच्यापुढे सरकवले. "सोल. हात रिकामे ठेवू नकोस."

त्या वर्षीच्या बैठकीला निघताना त्याने मला दोनदा घासले. एकदा उलट्या दिशेने घासले, यावरून तो किती भांबावला होता ते मी ओळखले.

पेंबर्टनसाहेबांनी यंदाचा चिमटा चांगला जोरात काढला. यापुढे सरकारकडे येणारा प्रत्येक अर्ज इंग्रजीतच असला पाहिजे. म्हणजे गावच्या माणसाने आपले रडगाणेसुद्धा परक्या भाषेत गायचे! फोर्तुनातो उठले आणि त्यांनी तावदाने हलवली. इतके सुंदर भाषण त्यांनी आधी कधी केले नव्हते. माझे अंग शहारले. दहा हात वर गेले. फोर्तुनातोंनी हॅट चढवली. त्यांच्या शेजारच्याने चढवली, मग त्याच्या शेजारच्याने. बास्त्यानची बोटे माझ्या कडेवर आली. त्याने मला उचलले, छातीपर्यंत आणले. मी वर जायला उतावीळ झाले होते. हीच तर माझी घटका होती!

आणि मित्रांनो, त्याने मला परत मांडीवर ठेवले. नुसते ठेवले नाही, दोन्ही हातांनी गच्च दाबून धरले. माझी कड वाकली. ती वाकलेली जागा आजही आहे.

फोर्तुनातो दारातून मागे वळले. "देबोनो, उठा."

"तुम्ही व्हा पुढे, वकीलसाहेब," बास्त्यान म्हणाला. त्याचा आवाज पार चिरकला होता. "मला शेवटचं एक काम आहे."

"अहो, उद्या गाव तुमच्या तोंडाला काळं फासेल!"

"फासू दे. धुवायला पाणी तरी असेल."

सातजण निघून गेले. दार बंद झाले. आम्ही बाहेर पडल्यावर आत काय चालते, ते मला इतक्या वर्षांत कधी पाहायला मिळाले नव्हते. ते मी आता पाहिले. विरोध करायला कुणी उरलेच नाही म्हटल्यावर सरकारी बाजूने ऐकणेच सोडून दिले होते. पेंबर्टनसाहेब मान खाली घालून एकेक बाब वाचत आणि वाचून झाली की स्वतःचा हात वर करत. तो हात दिसला की उरलेले नऊ वर जात. जकातीचा अधिकारी घड्याळाकडे बघत हात वर करायचा. सरकारी डॉक्टर एका हाताने घोड्याचे चित्र काढत दुसरा वर करायचा. एक जाडजूड गृहस्थ तर डोळे मिटून होते, पण त्यांचाही हात बरोबर वर जायचा. तुरुंगाचा साबण मंजूर. बंदरावरचे दिवे मंजूर. गव्हर्नरांच्या बागेतल्या कारंज्यांना जास्तीचे पाणी मंजूर. हे शेवटचे ऐकून बास्त्यानने मला इतके आवळले की मला वाटले, आता मी मोडते.

"ताल-हारूब," पेंबर्टनसाहेबांनी वाचले. "चौकात सार्वजनिक नळ. सभासद गैरहजर, तेव्हा पुढच्या—"

"हजर!" बास्त्यान उभा राहिला. मी खाली पडले आणि टेबलाखाली कडेवर गोल फिरले.

पेंबर्टनसाहेबांनी वर पाहिले. शेवटच्या कामाला आमच्या बाजूच्या खुर्चीत माणूस पाहण्याची त्यांच्या डोळ्यांना सवयच नव्हती. बास्त्यानने पाठ करून आणलेले वाक्य एका दमात म्हटले. "माझ्या गावाला पाणी नाही, बायका पडतात, नळ शेजारून जातो, मी मागणी मांडतो." आणि तो थांबला, कारण आता कुणीतरी अनुमोदन द्यायला हवे होते आणि देणारे सातहीजण केव्हाच रस्त्याला लागले होते. पेंबर्टनसाहेबांच्या ते लक्षात आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उगवले.

म्हातारे गव्हर्नर जेवणाच्या वासाने अस्वस्थ झाले होते. "बरं, बरं. मागणी मांडली. अनुमोदन?"

बाब वाचून झाली होती. पुढे काय करायचे, हे हातांना पाठ होते. पेंबर्टनसाहेबांचा हात वर गेला. तो दिसताच उरलेले नऊ वर गेले. एका अनुमोदनाची गरज होती, आम्हाला दहा मिळाली.

"मंजूर," गव्हर्नर म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवू लागले.

"सर, एक मिनिट, यात थोडा घोटाळा—"

"घोटाळा कसला? मिस्टर पेंबर्टन, तुमचा हात अजून वर आहे."

पेंबर्टनसाहेबांनी आपल्या हाताकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बास्त्यान टेबलाखाली वाकून मला शोधत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

घोडागाडी हारूबच्या झाडापाशी आली तेव्हा मंडळ उभेच होते. ऊन मी म्हणत होते, तुताऱ्या तापल्या होत्या. नार्दूने काठ्या उगारल्या. "दिला ना, सिन्योर?"

"नळ मंजूर झाला," बास्त्यान म्हणाला.

"ते नाही विचारत. राजीनामा दिला ना?"

"नाही दिला."

काठ्या तशाच हवेत राहिल्या. "नाही म्हणजे? वकीलसाहेबांनी दिला?"

"हो. सगळ्यांनी."

"आणि तू बसून राहिलास? त्यांच्याबरोबर?" नार्दूने पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केले. "मग आम्ही इथे उन्हात कशाला तापलो? वाजवायचं तरी काय आता?"

"नळ मिळाला म्हणून काही वाजवता येणार नाही का?" बास्त्यानने विचारले.

कुणी हसले नाही. तुतारीवाल्यांनी तुताऱ्या बगलेत मारल्या आणि सगळे घरी गेले. टोमॅटो लावलेला पावाचा एक तुकडा कुठूनसा आला आणि माझ्या कपाळावर बसला. त्या दिवशी घरोघरी शिजलेले सशाचे कालवण लोकांनी खाल्ले, पण दारे लावून.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. औषधाच्या दुकानात गप्पा मारायला येणारे बंद झाले. लोक खोकल्याच्या औषधासाठी शेजारच्या गावी जाऊ लागले. रस्त्यात कुणी बास्त्यानला पाहून टोपी उचलत नसे, तरी तो मात्र सवयीने मला उचलायचा. कौन्सिलची मुदत संपली तेव्हा नार्दू स्वतः उभा राहिला. नार्दू निवडून आला. शहरातून नवी हॅट घेऊन आला आणि पहिल्याच बैठकीत राजीनामा देऊन परतला. आपलाच ढोल आपणच वाजवत तो गावात शिरला. बास्त्यानने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि आत अंधारात बाटल्या पुसत बसला. त्याला वाजंत्री हवी होती. मोठ्या माणसाला असे काही हवे असते हे मला तोवर माहीत नव्हते, पण त्याला हवी होती, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात नळ बसला. चौकाच्या मधोमध दगडी खांब, त्याला पितळी तोटी. नार्दूने मंडळाची सभा घेतली आणि ठरवले, गद्दाराच्या नळाचे पाणी गावाने भरायचे नाही. बायका ऐकणार नाहीत, हे पुरुषांना पक्के माहीत होते. म्हणून त्यांनी घरोघरच्या घागरी गोळा करून मंडळाच्या खोलीत, ढोलाशेजारी, कुलपात ठेवल्या.

नळ उघडायला सरकारचा एक तरुण अभियंता आला. बायका चौकात येऊन उभ्या राहिल्या, सगळ्या रिकाम्या हातांनी. पुरुष नार्दूच्या दुकानाच्या दारात घोळक्याने उभे. फिलुमेनाने बास्त्यानला काळा कोट आणि मला घालायला लावून ओढत आणले होते, आणि तो सगळ्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभा होता. अभियंत्याने तोटी फिरवली. आधी नुसती हवा खोकली, मग तांबूस पाणी आले आणि मग स्वच्छ धार लागली. ती दगडावर पडली, दगडावरून धुळीत गेली आणि धुळीने ती पिऊन टाकली. भर जुलैत चांगले पाणी मातीत जात होते, आणि बायका ते नुसत्या बघत होत्या. एकीने पदरासारखा आपला एप्रन पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

फिलुमेनाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मग वर, भावाच्या डोक्याकडे पाहिले.

"वाक," ती म्हणाली.

"का?"

"वाक म्हणते ना!"

आणि मित्रांनो, तिने मला उपटले, उलटे केले आणि सरळ धारेखाली धरले! माझ्यासारख्या हॅटला लाखेचा लेप देऊन ताठ केलेले असते, तेव्हा पाणी माझ्यात बऱ्यापैकी टिकते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. गार पाणी माझ्या टाळूपर्यंत उतरले. बाहेरचे रेशीम भिजून सुरकुतले. मी काठोकाठ भरले. फिलुमेनाने मला दोन्ही हातांनी जूझाकडे नेले.

जूझाचा हात वाकडाच जुळला होता. चांगल्या हाताने तिने माझी कड धरली आणि ती प्याली. खूप वेळ प्याली. तोंड पुसून म्हणाली, "गोड आहे." मग दुकानाकडे वळून ओरडली, "नार्दू! माझी घागर आण!"

"आई, गावाचा निर्णय झालाय—"

"गाव गेलं होतं का कधी झऱ्यावर? मी जात होते! आण म्हणते!"

सन्माननीय सभासद नार्दू किल्ली घेऊन मंडळाच्या खोलीकडे धावला. मग दुसरी एक ओरडली, मग तिसरी, मग चौकभर नवऱ्यांच्या नावांचा एकच कल्ला झाला. माणसे दोन-दोन घागरी घेऊन पळत येऊ लागली आणि एकमेकांवर आदळू लागली. तोवर मी हातोहात फिरत होते. म्हाताऱ्या माझ्यातून प्याल्या, लेकुरवाळ्या प्याल्या, तो अभियंताही प्याला. सगळ्यांत शेवटी मला बास्त्यानपुढे धरले गेले. तो प्याला तेव्हा त्याच्या मिशांतून पाणी कोटावर ओघळले. भर उन्हात तो बोडका उभा होता आणि त्याचे टक्कल लालबुंद झाले होते. कुणी व्हिवा म्हटले नाही. ढोल वाजला नाही. सगळे पाणी भरण्यात गुंतले होते.

"सिन्योर," एक बाई म्हणाली, "हॅट गेली हो तुमची."

बास्त्यानने माझ्याकडे पाहिले. माझा आकार गेला होता, रेशीम सोलून लोंबत होते. मी मनाशी म्हटले, आता हा हळहळणार.

"जाऊ दे," तो म्हणाला. "भरा अजून."

तेव्हापासून मी कुणाच्या डोक्यावर चढले नाही, आणि मला तशी इच्छाही झाली नाही. माझ्यासारख्या वस्तूंनी आपली कहाणी सांगून झाली, की आम्हाला जपा, उन्हापावसापासून दूर ठेवा, असे सांगायचे असते. मी तसे काही सांगणार नाही, माझ्यात जपण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. पण रस्त्यात एखादा नळ नुसताच वाहताना दिसला, तर दोन पावले वाकडी करून तो घट्ट बंद करा. सगळे उठून गेल्यावर कुणीतरी एकटे मागे बसून तो मागून घेतलेला असतो, आणि त्याच्यासाठी कुणी ढोल वाजवलेला नसतो.